डोनटच्या भोकातली अंगठी

आमच्या ऑटर क्रीकमध्ये दोन जातींचे सण होते. ज्या दिवशी बँक आणि पोस्ट बंद असायचं ते एक, आणि माझ्या भावाचे दुसरे.

माझा भाऊ वेंडल आणि त्याची बायको मॅक्सीन मेन स्ट्रीटवर छोटंसं हॉटेल चालवायचे. वेंडल आत तव्यापाशी, मॅक्सीन बाहेर गल्ल्यावर, आणि मी, त्याची धाकटी बहीण व्हर्ना, कॉफीचं भांडं घेऊन सगळीकडे. आयोवातलं गाव, चहूकडे मका आणि डुकरं. उजाडता उजाडता शेतकरी यायचे, बुटांचा चिखल दारातल्या पायपुसण्यावर घासायचे आणि आपापल्या ठरलेल्या जागेवर बसायचे. चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलेला माणूस नक्की परगावचा.

हे सण वेंडलला सापडले ते रोली स्टेनरुडमुळे. गावचं रेडिओ स्टेशन म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि स्टेशनचा सगळा कारभार म्हणजे रोली. सकाळी तो मक्याचे भाव सांगायचा, डुकरांचे भाव सांगायचा, कोण वारलं आणि कुणाचा कुत्रा हरवला ते सांगायचा. मग घसा खाकरून, अगदी त्याच सुतकी आवाजात म्हणायचा, "आज राष्ट्रीय लोणचं दिवस आहे. नागरिकांनी नोंद घ्यावी." असले दिवस तो कुठून शोधून काढायचा देव जाणे. पण वेंडलला तेवढंच निमित्त पुरायचं. लोणच्याच्या दिवशी तो प्रत्येक बशीत काकडीचं लोणचं टाकायचा, मग तुम्ही पॅनकेक मागवलेला का असेना. वॅफलच्या दिवशी वॅफलचा मनोरा रचायचा. पॉपकॉर्नच्या दिवशी टेबलांवर मिठाच्या जागी पॉपकॉर्न असायचे, आणि मॅक्सीन आठवडाभर खुर्च्यांखालून ते वेचत बसायची.

"हे कोण झाडणार?" ती ओरडायची.

"सणासुदीला चिडू नये गं," आतून उत्तर यायचं.

ऑगस्टमध्ये एक दिवस यायचा, शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा हिरवा भोपळा, ठेवून पळायचा. आमच्याकडे त्या दिवसांत सगळ्यांच्या परसात झुकिनी इतकी माजते, की लोक चर्चला जातानासुद्धा गाडीच्या काचा बंद करून कुलूप लावतात. नाहीतर परत येईपर्यंत मागच्या सीटवर कुणीतरी पोतं टाकून गेलेलं असतं. एका वर्षी वेंडलनं तान्ह्या पोराएवढी एक झुकिनी बाळाच्या दुपट्यात गुंडाळली आणि भल्या पहाटे ऑर्व्हल किनिकच्या दारात ठेवली. ऑर्व्हलचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि असल्या सणांचा त्याला भयंकर तिटकारा होता. तासाभरात तो ती झुकिनी दुपट्यासकट छातीशी धरून हॉटेलात हजर.

"वेंडल, हे तुझं कार्टं परत घे."

वेंडलनं दुपटं बाजूला करून नीट निरखून पाहिलं. "अहो मिस्टर किनिक, नाक तर तुमच्यावर गेलंय."

ऑर्व्हल सोडून सगळं हॉटेल हसलं. पण जाताना झुकिनी तो घरी घेऊन गेला, हे मी पाहिलं.

जानेवारीतल्या एका सकाळी वेंडल हॉटेलसमोरचा बर्फ उपसायला गेला तो फावडं हातात धरून तिथेच बसला. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा वाटलं, दमला असेल. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपल पायचा सण होता. त्याचं मळलेलं पीठ फ्रीजमध्ये कापडाखाली झाकून ठेवलेलं होतं. दफन झाल्यावर कितीतरी दिवसांनी मी ते काढून टाकलं. मॅक्सीनच्या हातून होईना.

रोलीनं सण सांगणं बंद केलं. त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. गल्ल्यामागच्या फळीवर आमचा रेडिओ असायचा आणि तो ऐकणारी मॅक्सीन होती, एवढं त्याला समजत होतं. मक्याचे भाव, डुकरांचे भाव, आणि मग सरळ गाणं.

आता तव्यापाशी मॅक्सीन उभी राहिली. तिला स्वयंपाक येत नव्हता, हे गावाला माहीत होतं. अंडं उकडायची तीसुद्धा घड्याळासमोर उभं राहून. पॅनकेक मधे कच्चे, कडेला करपलेले. बटाटे मऊच होईनात. लोक मुकाट्यानं खायचे, बशी स्वच्छ करायचे आणि "छान होतं हं" म्हणायचे. तेच तिला सोसत नव्हतं. कुणी एक शिवी हासडली असती तर तिला बरं वाटलं असतं.

मार्चमधल्या एका सकाळी टोस्टरनं दगा दिला. ब्रेड आत अडकले, धूर निघाला, मॅक्सीननं ते उपटून काढले आणि दुसरे घातले, तेही गेले. हॉटेलभर काळा वास पसरला. ऑर्व्हल आपल्या बशीतल्या त्या कोळशाकडे बघत म्हणाला, "वेंडलच्या वेळी..."

मॅक्सीननं एप्रन सोडला. घडी घालून गल्ल्यावर ठेवला. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "शनिवारी कुलूप लावते."

ऑर्व्हल कानापर्यंत लाल झाला. "अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"मला माहितेय."

कोपऱ्यातल्या स्टुलावर रोली होता. कार्यक्रम संपला की तो रोज आमच्याकडेच नाश्त्याला यायचा. रेडिओवर त्याचा आवाज ऐकून कुणालाही वाटावं की हा पहाडासारखा गडी असणार, आणि प्रत्यक्षात तो वाळलेल्या शेंगेसारखा, वर मोठे कान. चाळिशी उलटलेला, एकटाच. आपली कॉफी अर्धी ठेवून तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मॅक्सीन धुमसतच आली होती. डुकरांचे भाव झाले. आणि मग किती दिवसांनी तो घसा खाकरण्याचा आवाज आला.

"आज राष्ट्रीय करपलेला टोस्ट दिवस आहे," रोली म्हणाला. "नागरिकांनी नोंद घ्यावी. कडा पांढऱ्या राहिल्यास तो टोस्ट ग्राह्य धरला जाणार नाही."

मॅक्सीनच्या हातातला सुरा तसाच राहिला. मी म्हटलं, आता काय होतंय! आणि दार उघडलं. पहिला आला तो ऑर्व्हल. टोपी काढली, नेहमीच्या जागी बसला आणि मान वर न करता म्हणाला, "मला दोन. काळे. कडा राहिल्या तर परत पाठवीन."

त्याच्यामागून बाकीचे आले. कुणी मुरंबा आणला होता, कुणी लोणी. दाणागोदामातली माणसं तर रांग लावून उभी. मॅक्सीन सगळ्यांकडे बघत राहिली. तिला वाटलं गाव आपली थट्टा करतंय. तिनं भिंतीवरचा फोन ओढला आणि स्टेशनचा नंबर फिरवला. रोलीकडे एकच फोन होता आणि तो सकाळी थेट प्रक्षेपणाला जोडलेला असायचा, हे रागाच्या भरात ती विसरली. त्यामुळे पुढचं सगळं आम्ही दोनदा ऐकलं, एकदा तिच्या तोंडून आणि एकदा रेडिओवरून.

"रोली, हा दिवस कुणी ठरवला?"

"समितीनं."

"कुठल्या समितीनं?"

"राष्ट्रीय समितीनं. वॉशिंग्टनला असते."

"कोण कोण आहे त्यात?"

"अं... मी आहे."

"आणखी?"

"सध्या तरी मीच. काल संध्याकाळी सभा भरली होती. कोरम पुरा झाला."

मॅक्सीननं फोन कानाला तसाच धरला होता. आधी वाटलं ती रडतेय, कारण खांदे हलत होते. मग तिच्या नाकातून एक फुर्रकन आवाज निघाला आणि ती हसायला लागली. भिंतीला टेकून, डोळे पुसत, श्वास घेता येईना इतकी हसली. रेडिओवरून तेच हसणं अख्ख्या परगण्यात गेलं. शेतात ट्रॅक्टरवर असलेल्या लोकांनी मला नंतर सांगितलं, आम्ही इंजिन बंद करून ऐकलं म्हणून.

शनिवारी कुलूप लागलं नाही. दर मार्चमध्ये तो दिवस मात्र पाळला जाऊ लागला. मॅक्सीन हळूहळू शिकली. एका पावसाळी सकाळी ऑर्व्हलनं आपले पॅनकेक संपवले, बशी पुढे सरकवली आणि म्हणाला, "आज जमलंय." त्या दोन शब्दांवर ती महिनाभर खूश होती.

सण परत आले. वेंडलसारखे नाही, थोडे कमी धुमाकुळाचे, पण आले. रोलीचं येणं वाढलं. आधी तो टोस्टर दुरुस्त करायला आला, मग पंखा, मग ज्यात काही बिघडलंच नव्हतं असा बर्फाचा डबा. माझ्या लक्षात आलं की हल्ली त्याचे शर्ट इस्त्रीचे असतात. मॅक्सीनच्या लक्षात आलं नाही. तिच्या दृष्टीनं रोली म्हणजे सण आणि सण म्हणजे गंमत. तो तोंड उघडायच्या आधीच ती हसायला सुरुवात करायची.

वेंडलला जाऊन दीडेक वर्ष झालं असेल. जूनमध्ये डोनटचा दिवस आला. तो मोठा सण. मॅक्सीन पहाटेपासून तळत होती आणि हॉटेल खच्चून भरलं होतं. रोली आला तो टाय लावून. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"काय रे, कोण वारलं?" ऑर्व्हलनं विचारलं.

रोलीनं एक डोनट मागितला. तो बशीत ठेवला, पाठ वळवून काहीतरी केलं, आणि बशी मॅक्सीनसमोर सरकवली. डोनटच्या भोकात एक अंगठी होती.

"मॅक्सीन," तो म्हणाला, त्याच्या त्या घोषणेच्या आवाजात, "आजच्या राष्ट्रीय दिनाचं औचित्य साधून मी तुला विचारतो. माझ्याशी लग्न करशील?"

त्याला दुसऱ्या आवाजात बोलताच येत नव्हतं हो! घाबरला की तो हाच आवाज काढायचा.

हॉटेल हसून कोसळलं. मॅक्सीन सगळ्यात जास्त. तिनं अंगठी उचलली, साखर झटकली, बोटात घातली आणि हात उंच करून राणीसारखी टेबलांमधून फिरली. "ऐका हो ऐका! डोनट दिनानिमित्त मी रोली स्टेनरुडचा स्वीकार करते!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, बशा वाजवल्या. मग तिनं अंगठी काढली आणि गल्ल्याजवळच्या बरणीत टाकली. लोकांची विसरलेली बटणं, किल्ल्या, एखादं कानातलं असं काय काय त्या बरणीत असायचं. "शाळेजवळच्या यंत्रातून काढलीस ना? च्युइंगगमबरोबर येतात त्यातली?" ती म्हणाली आणि तळणीकडे पळाली, कारण डोनट लाल होत चालले होते.

रोलीही हसला. "त्यातलीच," असं म्हणाला. डोनट मात्र त्यानं खाल्ला नाही. टाय सैल करत बाहेर पडला तेव्हा मी त्याचे कान मागून पाहिले. टोमॅटोसारखे झाले होते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी बरणी उपडी केली. अंगठी सोन्याची होती. वर्षानुवर्षं वापरून एका बाजूला झिजलेली, आणि आतल्या बाजूला कोरलेली दोन अक्षरं. रोलीच्या आईच्या नावाची. तिच्या दफनाला मी गेले होते.

मी ती मुठीत धरून मोरीपाशी उभी राहिले. माझ्यासमोर वेंडलचा जुना एप्रन खुंटीला लटकत होता. तो धुवायचं मीच टाळत आले होते. भाऊ जाऊन इतके दिवस झाले, तरी सकाळी तव्यावर काही चुरचुरलं की माझी मान आपोआप वळायची. आता त्याच्या बायकोला दुसरं कुणी मागणी घालतंय, हे मला खुपलं. खुपलं हे खरंच. पण डोळ्यांसमोर सारखे रोलीचे कान येत होते.

मॅक्सीन मागच्या खोलीत बटाटे सोलत होती.

"ही खेळण्यातली नाहीये," मी म्हटलं आणि अंगठी तिच्या ओल्या तळव्यावर ठेवली.

तिनं ती उजेडाकडे धरली. आतली अक्षरं वाचली. मग बटाट्याच्या पोत्यावर हळूच बसली.

"व्हर्ना, मी काय बोलले गं सगळ्यांसमोर?"

"हो म्हणालीस."

"तसं नाही गं!"

"लोकांनी टाळ्यापण वाजवल्या."

"गप्प बस." तिनं हातानं तोंड झाकलं. "मी त्याच्या आईची अंगठी बटणांच्या बरणीत टाकली."

"किल्ल्यापण होत्या त्यात."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती रडली. मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले आणि राहिलेले बटाटे सोलले.

दुसऱ्या दिवशी रोली नाश्त्याला आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रेडिओवर मका, डुकरं, मयत, कुत्रे. पुढे काही नाही. मॅक्सीन एप्रनच्या खिशात अंगठी घेऊन फिरायची आणि काम करता करता खिसा चाचपायची. गिऱ्हाइकांना काही कळेना. सगळ्यात जास्त कुरकुर कुणाची, तर ऑर्व्हलची.

"झालंय काय त्या माणसाला?" तो म्हणायचा. "आज बटाट्याचा दिवस आहे का घोड्याचा, माणसाला काही पत्ताच लागत नाही. आपण काय जनावरं आहोत?"

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी हॉटेल भरलेलं असताना मॅक्सीननं मला आतल्या बाजूला ओढलं. पिठाचे हात, कपाळावर घाम.

"तुला काय वाटेल?" तिनं विचारलं.

कशाबद्दल ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"वेंडल असता तर..." मी सुरुवात केली.

"वेंडल असता तर हा प्रश्नच आला नसता," ती म्हणाली. "पण तो नाहीये. तू आहेस. म्हणून तुला विचारते. तू नको म्हणालीस तर मी अंगठी पाकिटात घालून परत पाठवीन, आणि तुझ्यावर कधी राग धरणार नाही."

वेंडलनं हिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी शाळेत होते. माझ्या केसांना रिबन हिनं बांधली होती. नणंद-भावजय म्हणून लोक आमच्या भांडणांची वाट बघायचे, आणि आम्ही त्यांना कधी फारशी संधी दिली नाही.

"कॉफी मी बघते," मी म्हटलं. "जा तू. आणि तोंड धू आधी."

तिनं तोंड धुतलं नाही. एप्रनसकट रस्ता ओलांडून हार्डवेअरच्या दुकानाच्या जिन्याकडे गेली. मी खिडकीतून पाहिलं, माझ्यामागून सगळं हॉटेल मान लांब करून पाहत होतं. फळीवरच्या रेडिओत रोली डुकरांच्या भावावर आला होता.

"सू सिटीच्या बाजारात आज मध्यम वजनाच्या डुकरांचा भाव..."

आणि तो थांबला. एक दार वाजलं. खुर्ची सरकली. मग काहीच नाही. रेडिओत नुसती खरखर. एवढी लांब शांतता आमच्या स्टेशनवरून कधी ऐकू आली नव्हती, वीज गेली तेव्हासुद्धा नाही. शेवटी सुई रेकॉर्डवर पडल्याचा आवाज आला आणि कसलंसं पोल्का नाचाचं गाणं सुरू झालं. ते संपलं, आणि तेच परत सुरू झालं.

हॉटेलात सगळे एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. ऑर्व्हलनं काटा खाली ठेवला.

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण डुकरांचा भाव मला आता कोण सांगणार?"

मॅक्सीन परत आली तेव्हा अंगठी तिच्या बोटात होती. बोटावर पीठ तसंच होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. या वेळी कुणाला धीर झाला नाही. ती सरळ तव्यापाशी गेली, एका करपत चाललेल्या पॅनकेकवर ओरडली आणि मला म्हणाली, "मी बाहेर गेले की तुम्हा लोकांचं सगळं लक्ष उडतं."

तिकडे काय बोलणं झालं ते तिनं बऱ्याच वर्षांनी, थोडंसंच सांगितलं. रोली म्हणे सारखा माफी मागत होता. तर ती म्हणाली, "आता परत विचार, साध्या आवाजात." त्याला तीन-चारदा प्रयत्न करावा लागला.

ऑक्टोबरमध्ये चर्चच्या तळघरात लग्न झालं. मॅक्सीनची एकच अट होती, लग्नाच्या दिवशी कसलाही सण नको. रोलीनं होकार दिला. पण वर्षात असा एकही दिवस नसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे तो दिवस नेमका कसला होता हे त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मॅक्सीननं विचारलं की म्हणायचा, "समितीनं गुप्त ठेवायला सांगितलंय."

हॉटेल पुढे खूप वर्षं चाललं. मग महामार्गाकडे मोठी दुकानं झाली, शेतकरी कमी झाले, जागांवर बसणारी माणसं एकेक करून रेडिओवरच्या मयतांच्या बातमीत गेली. ऑर्व्हल गेला तेव्हा ती बातमी वाचताना रोलीला दोनदा थांबावं लागलं. मग रोलीही गेला, आणि ती बातमी वाचायला कुणी उरलं नाही. स्टेशन आता दूरच्या शहरातून चालतं. आमच्या हॉटेलच्या जागी विम्याचं ऑफिस आहे. खिडक्या त्याच आहेत.

मॅक्सीन माझ्याकडे राहते. गुडघे दोघींचेही गेलेत, पण गाडी अजून मी चालवते. रविवारी आम्ही दफनभूमीत जातो. वेंडल वरच्या बाजूला देवदाराखाली आहे, रोली खाली कुंपणापाशी. चढ आहे, म्हणून एका दमात दोन्हीकडे होत नाही. मधे गाडीत बसून थर्मासमधली कॉफी प्यावी लागते.

गेल्या रविवारी वारा फार होता. मी फाटकाशी गाडी थांबवली.

"आधी कुणाकडे?" मी विचारलं.

"तू सांग," मॅक्सीन स्कार्फ बांधत म्हणाली. "मागच्या वेळी मी सांगितलं होतं."

"वेंडलकडे जाऊ. चढ आधी चढून टाकू."

"चल तर मग," ती म्हणाली, आणि दार उघडून आधी काठी बाहेर टेकवली, मग एक पाय, मग दुसरा.